खाजणात कोळंबी, खेकडे की काहीच नको?

खाडीकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं माहेर देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या काठाला. अण्णांच्या (वडील, वय ७४) नावे तिथे पावणेतीन एकर खाजण (भरतीचं पाणी चढणारी खाडीकाठची जमीन) आहे. माझ्या लहानपणी त्यात खारं भात व्हायचं. मी आठवीत असताना एका उधाणाला बांधाला खांड गेली, ती पुन्हा कुणी नीट बांधलीच नाही. आता निम्म्या खाजणात तिवरं माजली आहेत (म्हणजे कांदळवन), निम्म्यात भरतीचं पाणी येतं-जातं. घराला लागून मात्र बारा गुंठ्यांची जुनी तळी आहे. तिचा बांध शाबूत आहे आणि उघाडीच्या (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) फळ्या अण्णा अजून स्वतः चढवतात-उतरवतात.

गणपतीत गेले तेव्हा एक पार्टी येऊन गेली होती. व्हनामी कोळंबीसाठी दहा वर्षांच्या करारावर खाजण मागतायत, एकरी वर्षाला चाळीस हजार. ते ऐकून चुलतभाऊ म्हणाला, भाड्याने कशाला, आपणच खेकडे करू, थेट सिंगापूरला जातात. यूट्यूबवर बघून त्याने हिशोबही मांडलाय. त्यात पहिल्याच वर्षी सात लाख नफा आहे. नवरा म्हणतो, पडीक आहे ते पडीक राहू दे, निदान झोप लागते.

मी ४६ वर्षांची, ठाण्यात बँकेत. दोन वर्षांत स्वेच्छानिवृत्ती घेता येईल. बारा लाखांपर्यंत गुंतवू शकते. अनुभव म्हणाल तर मासे खाण्याचा. प्रामाणिक मतं द्या. ज्यांनी स्वतः केलंय त्यांची आधी.

बांगडाफ्राय | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१९

पहिला मी! काहीही करा, पुढचं गटग (गेट-टुगेदर) तळीवर ठेवा. सोलकढी माझ्याकडून.

पॅडलव्हील | ४ नोव्हेंबर, रात्री ११:५०

"ज्यांनी केलंय" म्हणालात म्हणून लिहितो. पालघरकडे साडेचार एकर पाणी, २०१३ पासून व्हनामी.

आधी चांगल्या हंगामाचा हिशोब, एका एकराचा. चौरस मीटरला ४० पिल्लं धरली तर १ लाख ६० हजार पीएल (कोळंबीची पिल्लं) सोडायची. ८० टक्के जगली, ११५-१२० दिवसांत २५ ग्रॅमची झाली (म्हणजे ४० काउंट, किलोत ४० नग), तर सव्वातीन टनांच्या आसपास माल. खाद्य साडेचार टन. पिल्लं, खाद्य, वीज, डिझेल, मजूर, औषधं, चुना सगळं मिळून माझा खर्च किलोला २७० च्या घरात जातो. साडेतीनशेचा दर मिळाला तर एकरी अडीच लाख सुटतात. तळं खोदायचा आणि एरेटरचा (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचा) खर्च यात धरलेला नाही. लोक इथेच वाचन थांबवतात.

आता २०१९ चा हंगाम. अठ्ठावन्नावा दिवस. पहाटे साडेचारला चेकट्रे (खाद्य खाल्लं का ते बघायची ताटली) वर काढला तर खाद्य तसंच पडलेलं. अठ्ठावन्न दिवसांत असं कधी झालं नव्हतं, दोन तासांत ट्रे चाटूनपुसून साफ असायचा. दिवस उजाडल्यावर बघतो तर वाऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात पांढरे दोरे तरंगतायत, शेवया पाण्यात सोडल्यासारखे. ती कोळंबीची विष्ठा, म्हणजे रोग लागला. ज्याने एकदा पाहिलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. एक कोळंबी ६ ग्रॅमची, शेजारची १३ ची. तिसऱ्या दिवशी जाळं मारलं, १०० काउंटचा माल २२० ने दिला. त्या दोन तळ्यांत साडेतीन लाख गेले. व्यापारी तराजूजवळ उभा राहून मलाच धीर देत होता, "होतं शेठ, पुढच्या वेळी निघेल."

अकरा-बारा वर्षांत पाच हंगाम चांगले, तीन बरोबरीत, बाकीचे विचारू नका. मी टिकलो कारण घर तळ्यापासून चाळीस पावलांवर आहे आणि पहाटे चारला मी स्वतः उठतो. रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन उतरत जातो, सर्वात कमी सूर्योदयाच्या आधी. त्याच वेळी लाईट जाते आणि त्याच वेळी पगारी माणूस झोपलेला असतो. ताई, ठाण्यातून हा धंदा होत नाही.

तिवर | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:३१

पॅडलव्हील, प्रामाणिक प्रतिसाद. पण एक खर्च तुमच्या हिशोबात नाही, शेजाऱ्याची विहीर. तळ्यात बारा महिने खारं पाणी उभं राहिलं की ते जमिनीत मुरणारच. कोकणातल्या खारबंदिस्तीचं सगळं गणितच उलटं आहे, समुद्राचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात घ्यायचं. त्यासाठी महाराष्ट्रात १९७९ चा खार जमीन विकासाचा कायदा आहे, पनवेलच्या केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. आणि आपण तोच बांध फोडून पाणी आत घ्यायला निघालोय!

नव्वदच्या दशकात आंध्र-तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच झालं, म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये कोळंबी तळ्यांवर कडक निकाल द्यावा लागला.

पॅडलव्हील | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मी कुणाचा बांध फोडलेला नाही. माझी तळी जुन्या मिठागराच्या जागेवर आहेत, तिथे भाताची काडी कधी उगवली नाही. सगळ्यांना एका काठीने हाकू नका. त्या निकालानंतर २००५ मध्ये किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीचा कायदा आला, त्यासाठी चेन्नईचं प्राधिकरण आलं, माझी नोंदणी आहे, सोडायच्या पाण्यासाठी वेगळं तळं आहे. शेजारी नाही म्हणाल तर शेजारी मीठवाला आहे.

तिवर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

तुमच्याबद्दल नव्हतं. पण नोंदणी न करता चालणारी किती आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पॅडलव्हील | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:२४

त्यावर मौन.

द्राक्षबाग | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

आम्ही घाटावरचे, खाऱ्या पाण्यातलं कळत नाही. पण शेततळ्यात मासे सोडून झालेत, त्याची गोष्ट ऐका.

३० बाय ३० मीटरचं तळं, प्लास्टिक अंथरलेलं, पाणी मुळात बागेसाठी. कुणीतरी म्हणालं मोकळं पाणी आहे, रोहू-कटला सोडा. हजार बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) आणली. पोरं शाळेतून आली की पहिली तळ्यावर, बिस्किटं टाकायला. मासे वाढलेही, पाऊण-पाऊण किलोचे. एप्रिलात बागेला पाणी लागलं, तळं उतरायला लागलं, पण तेव्हा मार्केटला भाव नव्हता म्हणून थांबलो. पावसाने ओढ दिली, तळं आणखी उतरलं आणि शेवटी मासे मरायच्या आत काढावेच लागले. काढले त्या दिवशी तारीख बघितली नव्हती.

श्रावणातला पहिला सोमवार.

अख्ख्या तालुक्यात एक गिऱ्हाईक नाही. निम्मा माल परजिल्ह्यात मिळेल त्या भावाने, उरलेला पाहुण्यांना वाटला, त्यातले निम्मे माळकरी.

बांगडाफ्राय | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

_/\_ दंडवत घ्या. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रकल्प अहवालात "गटारीच्या आधी काढणी" हा परिच्छेद सक्तीचा करावा.

चिंबोरी | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

ताई, खेकड्याबद्दल बोलायला मी हक्काचा माणूस. रत्नागिरीजवळ चार वर्षं केलं, आता बंद आहे. चुलतभावाला हे वाचायला द्या.

खेकड्याचे दोन धंदे आहेत आणि यूट्यूबवाले दोन्हीची भेळ करतात. एक म्हणजे लहान पिल्लू आणून वाढवणं. अंडी उबवणी केंद्रातली पिल्लं बहुतेक तामिळनाडूतून येतात, अर्धा किलोवर जायला सात-आठ महिने लागतात आणि तोवर एकमेकांना खात राहतात. दुसरा म्हणजे पोकळ खेकडा आणून भरवणं. कात टाकलेल्या खेकड्याच्या आत मांस कमी, पाणी जास्त. तो स्वस्तात मिळतो. वीस-पंचवीस दिवस खाऊ घातलं की कवच टणक होतं, डेंगे (नांग्या) भरतात आणि भाव दुपटीपेक्षा वर जातो. कागदावर याच्याइतका गोड धंदा नाही.

मी दुसरा केला. ३२० ने पोकळ घ्यायचो, भरलेला आठशे-नऊशेला जायचा. पहिले सहा महिने मी गावात ताठ मानेने फिरायचो. मग कळलं की खरी अडचण खेकडा मिळण्याची आहे. खाडीत पकडणारे आठ-दहाच जण, आणि मी भाव देतो म्हटल्यावर आणखी तिघे घेणारे उभे राहिले. ३२० चे ४५० झाले. दुसरं, याला रोज खायला लागतं, त्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के. बंदरातली फेकून देण्याजोगी बारीक मासळी आणायचो. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे खाद्य बंद. बर्फात साठवलेलं घालून बघितलं, वासाने आईने मला जेवायला ओटीवर बसवलं.

आणि तो जो विनोद आहे ना, खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही कारण एक वर चढला की दुसरा खाली ओढतो? साफ खोटं. माझे एका रात्रीत ४३ खेकडे कुंपणावरून गेले. एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन. सकाळी जाळीच्या कोपऱ्यात फक्त एक डेंगा अडकलेला होता. मराठी माणसाची बदनामी करायला दुसरा प्राणी शोधा.

पेटीत एकेक खेकडा ठेवला तर खाणं आणि पळणं दोन्ही थांबतं. पण मग शंभर पेट्यांची शंभर झाकणं रोज उघडायची, घास टाकायचा, काल न खाल्लेलं काढायचं. मेलेला एक राहिला की त्या पेटीचं पाणी नासतं. भावाला म्हणावं, महिनाभर रोज शंभर डबे उघडझाक करून बघ, रिकामे.

निळीशाई | ५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

"ओटीवर बसवलं" 😂😂 प्रतिसाद वाचनखुणेत.

बाकी, अमावस्येला चिंबोऱ्या भरलेल्या असतात हे खरं का?

चिंबोरी | ५ नोव्हेंबर, दुपारी २:०२

आमचे गिऱ्हाईक मानतात, म्हणून अमावस्येला भाव पन्नासने जास्त. माझ्यापुरतं खरं.

कलम_कायदा | ५ नोव्हेंबर, संध्या. ६:३०

सगळे कोळंबी-खेकड्यात अडकलेत, मूळ पोस्टमधलं एक वाक्य कुणी पकडलं नाही. "निम्म्या खाजणात तिवरं माजली आहेत."

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून महाराष्ट्रात कांदळवन तोडणं, त्यावर भराव घालणं बंद आहे. जमीन खासगी असली तरीही. शिवाय कांदळवनाभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नाही. पावणेतीन एकरांत निम्मी तिवरं आणि त्यांच्याभोवती ५० मीटर काढलेत, तर पार्टीला तळं खोदायला नेमकी किती जागा उरते, कागदावर आखून बघा. मला वाटतं शून्याच्या जवळ.

ही गोष्ट पार्टीला माहीत नसेल असं समजू नका. ते रात्रीत जेसीबी घालतील, गुन्हा दाखल होईल तेव्हा सातबाऱ्यावर नाव अण्णांचं असेल. करारात "सर्व परवानग्यांची जबाबदारी जमीनमालकाची" असं वाक्य आहे का, ते आधी बघा. असेल तर चहा पाजून निरोप द्या.

आणि भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आत खाऱ्या पाण्यात काहीही वाढवायचं तर नोंदणी लागतेच, छोटं असो की मोठं.

खाडीकाठची | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

कलम_कायदा, आत्ता कराराचा फोटो मागवून वाचला. पान चार, शेवटून दुसरी ओळ. अगदी तेच वाक्य. मी रोज कर्जाचे कागद वाचते आणि घरच्या कराराचं पान चार वाचलं नव्हतं.

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅडलव्हील, तुमचा अठ्ठावन्नावा दिवस डोळ्यांपुढून जात नाही.

तिवर | ५ नोव्हेंबर, रात्री ९:२२

कलम_कायदा +१. आज शांत झोपेन.

बोटुकली | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

मत्स्य विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. अनुदानाचा विषय अजून कसा आला नाही याचंच नवल.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० पासून आहे. मंजूर खर्चाच्या सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. त्यामुळे आमच्या कार्यालयात एक मजेशीर दृश्य असे. अर्ज बाईंच्या नावे, बोलायला नवरा, आणि बाईंना "तळं किती खोल?" विचारलं की त्या नवऱ्याकडे बघायच्या. तुमच्या बाबतीत अर्ज आणि बोलणारी एकच, त्याचा आनंद आहे.

पण माझा नोकरीतला धडा असा की अनुदान मिळतंय म्हणून जे सुरू झालं ते तीन वर्षांत बंद पडलं. पैसे आधी आपण घालायचे असतात, अनुदान मागून येतं, हप्त्याने. ज्याचा धंदा अनुदान वगळून कागदावर उभा राहत होता, तोच पुढे उभा राहिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याने वीज आणि कर्जाच्या बाबतीत फरक पडावा. पण मेलेल्या माशाला कुठलाच दर्जा जिवंत करत नाही.

शिकायचं तर वर्सोव्याच्या मत्स्य शिक्षण संस्थेत किंवा रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालयात प्रशिक्षणं होतात, चौकशी करा. यूट्यूबवरचा शिक्षक तुमच्या तळीचं पाणी बघायला येत नाही.

फ्लॉकपीडित | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:३३

माझ्या नावावरून कळलंच असेल. नाशिककडे, दहा टाक्या, बायोफ्लॉक. पाणी बदलायचं नाही, गूळ घालून जिवाणू वाढवायचे, माशांची घाण तेच खातात आणि त्यांना मासे खातात. विज्ञान खरं आहे, विकणारे खोटे. एका कंपनीने टाक्या विकल्या, बीज विकलं, "माल आम्हीच उचलू" असा स्टँपपेपर दिला. मासे तयार झाले तेव्हा फोन बंद.

आणि वीज. टाकीत मासे इतके दाट असतात की हवा बंद पडली की तासाभरात वर येऊन आ वासतात. आमचा जनरेटर होता. डिझेल नव्हतं. त्या रात्री मी आणि बायको बादलीने टाकीतलं पाणी उचलून वरून टाकत होतो, हवा मिसळावी म्हणून, दहा टाक्यांत, पहाटेपर्यंत. तीन वाचल्या.

"माल आम्हीच उचलू" म्हणणारा भेटला की ताई, पळा.

किवी_माहेरवाशीण | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

मी न्यूझीलंडमध्ये. इथे मार्लबरोकडे समुद्रात दोरांवर हिरवे शिंपले वाढवतात, मैलोन्‌मैल काळ्या तरंगत्या पिंपांच्या रांगा दिसतात. खायला काही घालावं लागत नाही, पाण्यातलं गाळून खातात. आपल्याकडे शिनाणे (याच जातकुळीतले शिंपले) आणि कालवं का नाही करत कुणी? वीज नको, खाद्य नको, एरेटर नको.

बोटुकली | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

करतात की. केरळात कासरगोडकडे खाडीत दोरावर शिनाणे चांगले होतात. सिंधुदुर्गातही बचत गटांच्या बायकांनी कालवं लावली आहेत. दोन अडचणी. पहिली पाऊस. जूनमध्ये नदीचं गोडं पाणी खाडीत उतरलं की क्षार धाडकन खाली येतो आणि शिंपला तोंड मिटून किती दिवस बसणार? म्हणून केरळवाले पावसाळा संपल्यावर लावतात आणि पुढच्या पावसाच्या आधी काढतात. वाघोटन खाडीला खारेपाटणकडून येणारं पाणी मोठं, त्यामुळे ताईंची जागा मुखापासून किती आत आहे त्यावर सगळं.

दुसरी अडचण तुम्हीच लिहिलीत, पाण्यातलं गाळून खातात. पाण्यात जे असेल ते. वरच्या गावाचं सांडपाणी खाडीत येत असेल तर तेही कालवात आलं. स्वच्छ पाण्यात काही काळ ठेवून मगच विकायला हवं, ती सोय कुठे आहे?

निळीशाई | ६ नोव्हेंबर, संध्या. ५:००

तिसरी अडचण. आमच्या गावात ओहोटीला बायका कोयती घेऊन खडकावर बसतात आणि फुकटची कालवं फोडतात. पाटीभर फोडून वाटीभर निघतात. त्यांच्यासमोर मी पैसे घालून दीड वर्ष वाढवलेली कालवं कुठल्या तोंडाने विकू?

रायगडचा_खारकरी | ६ नोव्हेंबर, रात्री ८:२०

दोन दिवस वाट बघतोय, जिताड्याचं नाव कोण घेतं. कुणीच नाही! पेण-अलिबागकडचे सगळे झोपलेत काय?

आमच्याकडे खारात भाताबरोबर जिताड्याची तळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पूर्वी पावसाळ्यात खाडीतून बारकी पिल्लं पकडून तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं विसरून जायचं. तो बाकीचे बारके मासे खातो आणि वाढतो. खाऱ्यात राहतो, गोड्यात राहतो, पावसाने पाणी बदललं तरी कुरकुर नाही. ताईंच्या खाडीत क्षार चढतो-उतरतो म्हणताय, मग याच्याइतका सोयीचा कोण?

गंमत म्हणजे आधी सगळे नर असतात, वय वाढलं की त्यांच्या माद्या होतात. (यावर बांगडाफ्राय काय लिहिणार मला माहीत आहे, लिहू नका.)

एवढंच की लहानपणी भयंकर खादाड. दोन इंची चार इंचीला भेटला तर चार इंची त्याला गिळतो. म्हणून पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला छाटणी, मोठे एकीकडे, बारके दुसरीकडे. ते चुकलं तर हजारातले दोनशे राहतात, पण गुटगुटीत.

विकायची चिंता नाही. आमच्याकडे जुनी म्हण नाही पण जुना रिवाज आहे, तालुक्याला काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा जातो.

बांगडाफ्राय | ६ नोव्हेंबर, रात्री ८:२६

लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. फक्त बायकोला वाचून दाखवलं.

पॅडलव्हील | ६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

खारकरी, माझ्या मनातलं बोललात. कोळंबी हा आता जगाचा जुगार झालाय. आपला माल मुख्यतः अमेरिकेला जातो, २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिकडे आयातकर वाढला आणि आठवड्याभरात माझ्या तळ्यावरचा भाव पडला. इक्वेडोरवाले आहेतच उरावर. मी पाणी, खाद्य, रोग सांभाळीन, वॉशिंग्टन कसं सांभाळू? जिताडा पेणच्या बाजारात विकला जातो, त्याला डॉलर कळत नाही.

सोनचाफा२ | ६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

अवांतर: जिताड्याची आंबट-तिखटाची कृती कुणी देईल का? कोकम घालायचं की चिंच?

निळीशाई | ६ नोव्हेंबर, रात्री ९:४३

नवीन धागा काढा, हा धागा त्या भांडणात वाहून जाईल. (चिंच.)

बांगडाफ्राय | ६ नोव्हेंबर, रात्री ९:४४

कोकम!!

*(यापुढचे १९ प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. – संपादक)*

खाडीकाठची | ११ जानेवारी, दुपारी १२:३०

धागा वर काढतेय. आठ दिवस रजा टाकून गावी राहिले. एकटी, नवऱ्याला आणि चुलतभावाला न घेता.

पार्टीला नकार कळवला. कलम_कायदांनी सांगितल्याप्रमाणे टेप घेऊन मापलं. तिवरांपासून ५० मीटर सोडल्यावर खाजणात जे उरतं त्यात आमची बैलगाडीसुद्धा उभी राहणार नाही. म्हणजे हिशोब फक्त बारा गुंठ्यांच्या तळीचा.

क्षार मोजायची ती दुर्बिणीसारखी नळी आणली. काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरायची. निळ्या-पांढऱ्याची रेघ २३ वर (हजार भाग पाण्यात २३ भाग क्षार). अण्णांनी पण बघितलं, मग बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "माका ह्याच्या आधी म्हायत होता."

चिंबोरी, तुमची परीक्षा स्वतःच दिली. चाळीस डबे, रोज सकाळी उघडझाक. चौथ्या दिवशी कंटाळा आला, सहाव्या दिवशी दोन डबे उघडायचे राहून गेले. नापास.

पॅडलव्हील, पहाटे चारचा गजर लावून तळीवर जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी वाटलं मी एकटीच आहे. तर अण्णा आधीच उघाडीवर बसलेले, ओहोटी बघत, घोंगडी घेऊन. गेली चाळीस वर्षं ते असेच अवेळी उठतात, कारण उघाडी भरती-ओहोटीच्या वेळेला सांभाळावी लागते आणि ती वेळ रोज पाऊणेक तास पुढे सरकते. तळीत काही नसताना! मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाले, फळी वेळेवर नाय उतरवली तर बांध जातलो.

मला चोवीस तासांचा माणूस कुठून आणू हा प्रश्न होता. तो पगाराविना कामावर होताच. पण ७४ वर्षांच्या माणसाच्या जिवावर बारा लाख लावायचे का? तेही नको वाटतं.

पॅडलव्हील | ११ जानेवारी, दुपारी १:०५

बारा लाख लावूच नका. एक लाखाच्या आत काय होतं ते बघा. आणि नोकरी सोडू नका.

रायगडचा_खारकरी | ११ जानेवारी, दुपारी २:२०

तीनशे जिताडे. जास्त एक नाही. आधी चार इंची झालेले घ्या, थोडे महाग पडतील पण छाटणीचा त्रास निम्मा. तळीत बारकी मासळी खाडीतून आपोआप येते, उघाडीच्या तोंडाला जाळी मात्र दुहेरी लावा.

फ्लॉकपीडित | ११ जानेवारी, दुपारी २:४०

वीज लागणार नाही ना? मग माझा आशीर्वाद.

बोटुकली | ११ जानेवारी, संध्या. ५:१५

तीनशे असोत की तीन हजार, नोंदणीचा अर्ज आधी करा. जिल्ह्याच्या कार्यालयातून नमुना मिळेल. आणि कुणी "तळं किती खोल?" विचारलं तर स्वतः उत्तर द्या.

खाडीकाठची | ११ जानेवारी, संध्या. ५:२०

साडेचार फूट, उघाडीजवळ सहा. :)

खाडीकाठची | ८ जुलै, रात्री १०:४०

कुणी विचारलं नाही तरी सांगते. नोंदणीचं मार्गी लावून मार्चमध्ये २८० सोडले. (२० वाटेतच गेले, पिशवीतला ऑक्सिजन कमी पडला.) अण्णांनी भिंतीवर कोळशाने खुणा केल्यात, मेलेला दिसला की एक रेघ. कालपर्यंत ३४ रेघा. त्यातल्या किती उदमांजराच्या (पाणमांजराच्या) खात्यात टाकायच्या यावर वाद आहे. दोनदा पहाटे दिसलं, बांधावर उताणं लोळत, अर्धा जिताडा पुढ्यात.

क्षार मेमध्ये ३१ होता, परवा ४. मी घाबरून ठाण्याहून तीन फोन केले. जिताड्यांना काही झालं नाही. कालवं लावली असती तर आज मी इथे लिहायला नसते.

परवा एक काढून तोलला, १९० ग्रॅम. अण्णा म्हणाले, सोड त्येका, पुढल्या वर्साक बघूया. चुलतभाऊ आता पोस्टर घेऊन आलाय, मोती शेतीची. त्याला या धाग्याची लिंक दिलीय.

नोकरी चालू आहे. नवऱ्याची झोपही.

चिंबोरी | ८ जुलै, रात्री १०:५१

मोत्यांचा वेगळा धागा काढा, मी तेही केलंय.

बांगडाफ्राय | ८ जुलै, रात्री १०:५५

ताई, अभिनंदन. २८० वजा ३४ म्हणजे २४६. सभासद किती येणार ते हात वर करा, पुढल्या वर्षीच्या गटारीचं आत्ताच बुक करतो.

रायगडचा_खारकरी | ८ जुलै, रात्री ११:०२

उदमांजर धरून?